तिथीच्या पाऊणपट

कोथरूडच्या कर्वे पुतळ्यापासून मुरूडला जायचं तर साधारण एकशेनव्वद किलोमीटरचा पल्ला. मुरूड म्हटलं की पुण्यातल्या बऱ्याच जणांना रायगड जिल्ह्यातलं, जंजिऱ्याचं मुरूड आठवतं. मी म्हणतोय ते दापोली तालुक्यातलं, हर्णैच्या शेजारचं. धोंडो केशव कर्वे या मुरूडचे. ज्यांच्या नावाच्या रस्त्यावरून आम्ही कोथरूडकर रोज ऑफिसला, भाजीला, दवाखान्यात जातो, त्यांनी आपलं गाव सोडून घाटावरची वाट धरली होती. सव्वाशे-दीडशे वर्षांनी कोथरूडकर शुक्रवारी संध्याकाळी गाडीत बॅगा टाकून त्या गावाकडे उलटे निघतात, दोन दिवसांच्या विसाव्यासाठी.

हा विसावा खरंच मिळतो का, याबद्दल मला लिहायचं आहे. कारण दापोलीहून परतलेल्या कितीतरी कुटुंबांच्या तोंडी मी एकच वाक्य ऐकलं आहे: सगळं बघून झालं, पण दमलो बुवा. मुरूडमध्ये दमण्यासारखं काही नाही. दमतो तो आपण सोबत नेलेल्या वेळापत्रकामुळे. समुद्राकाठच्या गावाला स्वतःचं वेळापत्रक असतं, आणि ते घड्याळावर चालत नाही. तिथं गेल्यावर आपलं बाजूला ठेवून त्यांचं घेतलं की मग दोन दिवससुद्धा पुरतात.

आधी रस्ता. कोथरूडकरांना कोकण इतर पुणेकरांपेक्षा अर्ध्या तासानं जवळ आहे, कारण पौड रस्ता थेट चांदणी चौकात नेऊन सोडतो. २ ऑक्टोबर २०२२च्या मध्यरात्री तिथला जुना पूल पाडला आणि ऑगस्ट २०२३मध्ये नवे उड्डाणपूल खुले झाले, तेव्हापासून शुक्रवारचा तिथला खोळंबा पुष्कळ कमी झाला. पुढे पिरंगुट, पौड, मग उजवीकडे मुळशीचं पाणी दिसू लागतं. या धरणाविरुद्ध १९२१मध्ये मावळातले शेतकरी उठले, सेनापती बापट त्यांच्या पुढे उभे राहिले. धरण झालंच. मुळेचं जे पाणी भीमेतून, कृष्णेतून बंगालच्या उपसागराला मिळायचं, ते डोंगरातून पश्चिमेला वळवून खाली भिऱ्याच्या वीजघरात उतरवलं. मुंबईला वीज मिळाली, कुंडलिकेला बारमाही पाणी मिळालं, आणि बावन्न गावांतल्या माणसांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. ताम्हिणीत धबधब्याखाली फोटो काढायला थांबणाऱ्या गाड्यांतून हे कुणी मुलांना सांगत असेल तर मला फार बरं वाटेल. सहलीचा रस्ता म्हणजे नुसता रस्ता नव्हे.

घाट उतरून विळे, निजामपूर, माणगाव. तिथून लोणेरे, गोरेगाव करत आंबेतला सावित्री ओलांडायची. नदीच्या अलीकडे रायगड, पलीकडे रत्नागिरी जिल्हा. म्हाप्रळ, मंडणगड, आणि मग दापोली. इंग्रजांनी १८१८नंतर इथं लष्कराचा तळ टाकला, म्हणून जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘कॅम्प दापोली’ आहे. समुद्रापासून थोडी उंचावर, हवा थंड, लाल मातीचे रस्ते. इथून आसूदच्या उतारानं खाली आलं की झाडांमधून एकदम समुद्र दिसतो, आणि गाडीतली भांडणं आपोआप मिटतात.

मुरूड हे एका रस्त्याचं गाव आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना घरं, समुद्राच्या बाजूच्या घरांच्या मागे लांबलचक चिंचोळ्या वाड्या, आणि वाड्या संपल्या की सुरूची झाडं, पुळण, समुद्र. घराच्या ओटीवर बसलं तर समुद्र दिसत नाही, नुसता ऐकू येतो. मागच्या दारानं निघून विहीर ओलांडून माड-पोफळीच्या सावलीतनं पाच मिनिटं चाललं की तो अंगावर येतो. गावाची ही रचना फार शहाणपणाची आहे. वारा आणि खार घराला लागू नये म्हणून समुद्राकडे पाठ करून राहायचं, आणि मधली जागा झाडांना द्यायची. आता पुळणीलगत बांधलेल्या काही रिसॉर्टांनी नेमकं उलटं केलं आहे. त्यांच्या खिडकीतून समुद्र दिसतो हे खरं, पण दोन पावसाळ्यांत खिडकीच्या बिजागऱ्या गंजून जातात.

मी सुचवेन ते घर. मुरूडमध्ये घरगुती सोय बऱ्याच ठिकाणी आहे. पुढे पडवी, ओटी, माजघर असं जुनं घर, आणि वाडीच्या कडेला काढलेल्या दोन-चार खोल्या. जेवण त्या घरच्या स्वयंपाकघरातलं. गावात शाकाहारी पंगत सहज मिळते. मासे खायचे तर हर्णैला किंवा शेजारच्या कर्द्याला खानावळी आहेत. मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगावं लागतं, कारण उकड काढून, नारळ खवून, पाकळ्या चिमटून होणारी ती गोष्ट ऐन वेळी होत नाही. सकाळी घावन किंवा आंबोळी, दुपारी आमटी-भात, बिरड्याची उसळ, सोलकढी. बाजारात मिळणाऱ्या लाल आगळाच्या पाण्यापेक्षा ही सोलकढी निराळी असते. नारळाचं दूध पहिल्या पिळाचं असतं, आणि त्यात मिरची-लसूण वाटून घातलेली असते.

आता या लेखाच्या मथळ्याकडे येतो.

किनाऱ्यावरच्या माणसाला भरती कधी आहे असं विचारलं तर तो मोबाइल काढत नाही. आज तिथी कोणती ते मनात आणतो आणि तिची पाऊणपट करतो. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती पूर्ण. अष्टमीला सहा वाजता. दशमीला साडेसात. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी, पुन्हा सहा तासांनी भरती. शुद्ध-वद्य दोन्ही पक्षांना एकच हिशेब, दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा लागू. यामागचं कारण सोपं आहे: चंद्र रोज पाऊण तासाच्या आसपास उशिरा माथ्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. ज्यानं हा आडाखा पहिल्यांदा बसवला त्याच्याकडे घड्याळ नसणार, पण पंचांग होतं आणि डोळे उघडे होते.

हा हिशेब विसाव्यासाठी जाणाऱ्याला किती उपयोगी आहे ते बघा. लक्ष्मीपूजनाला अमावास्या असते, तेव्हा भरती सव्वाअकराची. म्हणजे संध्याकाळी पाच-साडेपाचला पूर्ण ओहोटी. सूर्य मावळायच्या वेळी मुरूडची पुळण एवढी रुंद उघडी पडते की पाण्यापर्यंत जायलाच वेळ लागावा. ओल्या वाळूवर आकाश उतरतं, आणि कर्द्याच्या बाजूला चालत गेलं तर माणसं विरळ होत जातात. भाऊबीजेला द्वितीया, भरती दीडची. म्हणजे सकाळी साडेसातला ओहोटी, आंघोळीआधी मुलांना शंख-शिंपले वेचायला न्यायची ती वेळ. आणि तुम्ही अष्टमीच्या आसपासच्या शनिवारी गेलात तर नेमकं उलटं. दुपारी उन्हाच्या वेळी पाणी लांब गेलेलं, आणि संध्याकाळी सहाला लाटा सुरूच्या जवळ आलेल्या. अष्टमीच्या सुमाराची ही भरती मवाळ असते, तिला भांगाची भरती म्हणतात. पौर्णिमा-अमावास्येची ती उधाणाची. ज्यांना लांब चालायचं आहे त्यांनी पौर्णिमा-अमावास्येच्या जवळचा शनिवार-रविवार बघावा, ज्यांना बसून लाटा बघायच्या आहेत त्यांनी अष्टमीचा. कॅलेंडर भिंतीवर असतंच, तिथी त्यावर छापलेली असते.

पोहायला उतरणाऱ्यांसाठी एक गोष्ट जीव वाचवणारी आहे. पाणी ओसरत असताना आत जाऊ नये, ओढ बाहेरच्या बाजूला असते. गावातली माणसं हे पुन्हा पुन्हा सांगतात, आणि पाहुणे पुन्हा पुन्हा दुर्लक्ष करतात. दापोलीच्या किनाऱ्यांवर बुडालेल्यांच्या बातम्या दर वर्षी येतात. आपण उतरतो त्या घरच्या काकू जेव्हा म्हणतात, ‘‘आत्ता नको हो पाण्यात जाऊ, चारनंतर जा,’’ तेव्हा त्या भित्र्या नसतात. त्यांनी तिथीची पाऊणपट केलेली असते.

मुरूडहून हर्णै अगदी जवळ. दुपारी उन्हं कलली की तिथं जावं, मासे खात नसाल तरी जावं. मोठ्या होड्या, ट्रॉलर खोल पाण्यात उभे राहतात, कारण काठाशी पाणी उथळ आहे. माल लहान होडीतून अलीकडे येतो, आणि मग बैलगाड्या सरळ समुद्रात शिरतात. बैलांच्या पोटापर्यंत पाणी, गाडीवान उभा, लाट आली की बैल मान वर करतात आणि तसेच उभे राहतात. होडीतून टोपल्या गाडीत, गाडी वळून पुळणीवर. तिथं वाळूवरच ढीग लागतात. सुरमई, पापलेट, हलवा, बांगडे, कोलंबी, मांदेली. मग लिलाव. बोलणारा एका ढिगापाशी उभा राहून इतक्या वेगानं आकडे म्हणतो की पहिले काही ढीग आपल्याला फक्त सूर ऐकू येतो. थोडा वेळ उभं राहिलं की त्यातले शब्द सुटे होतात. बोली लावणाऱ्या पुष्कळशा बायका. त्या तोंडानं बोलत नाहीत, हनुवटी जराशी हलवतात. सौदा झाला की ढिगावर त्यांची खूण पडते आणि गर्दी पुढच्या ढिगाकडे सरकते. दालदी, कोळी, भोई, सगळ्यांची ही एकच बाजारपेठ आहे, आणि गर्दीत आपण कॅमेरा घेऊन आडवे आलो तर कुणी ना कुणी खांद्याला धरून बाजूला करतं. करावंच. त्यांची ती कामाची वेळ आहे.

१ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला बंदी असते, माशांच्या विणीचा हंगाम म्हणून. त्या दोन महिन्यांत हर्णैच्या खानावळीत ताटात ‘ताजी’ सुरमई आली, तर ती कुठल्या बर्फातली ते विचारायला हरकत नाही.

बंदरातून समोर दिसतो तो सुवर्णदुर्ग. पाण्यात सगळ्या बाजूंनी तट, आणि किनाऱ्यावर त्याच्या रखवालीला तीन लहान किल्ले: कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. कनकदुर्गावर आता दीपगृह आहे. कान्होजी आंग्र्यांचं नाव या किल्ल्यावरून मोठं झालं. १७५५मध्ये कमोडोर जेम्सनं तो तुळाजी आंग्र्यांकडून घेतला, आणि या कामात ईस्ट इंडिया कंपनीला साथ होती पेशव्यांची. मराठ्यांचं आरमार मोडायला पुण्यानं इंग्रजांना हात दिला, ही गोष्ट पुण्याहून येऊन या किनाऱ्यावर उभं राहिलं की घशाखाली उतरत नाही. किल्ल्यात जायला होडी मिळते, तीही भरती-ओहोटी बघून सुटते.

पण मुरूडला माझं मन अडकतं ते समुद्रापेक्षा कर्व्यांपाशी.

ते जन्मले आजोळी, शेरवलीला, १८ एप्रिल १८५८ रोजी. वाढले मुरूडला. गावच्या शाळेतले सोमण मास्तर हे त्यांचे पहिले खरे गुरू. त्या काळी मुलकी परीक्षा द्यायची तर मोठ्या गावी जावं लागे. केंद्र साताऱ्याला होतं. धोंडू आणि त्याचे सोबती कोकणातून निघून सह्याद्री चढून शंभर मैलांहून जास्त अंतर पायी तोडत साताऱ्याला पोचले. तिथं अधिकाऱ्यांनी या लहानखुऱ्या मुलाकडे पाहिलं. परीक्षेला सतरा वर्षं पूर्ण हवीत, हा तेवढा दिसत नाही, असं म्हणून त्याला परत पाठवलं. ती परतीची वाट त्यानं कशी चालली असेल हा विचार ताम्हिणीत गाडी दुसऱ्या गिअरवर चढताना माझ्या मनात हटकून येतो.

पुढे मुंबई, बी. ए., गणिताची शिकवणी. पैसे मिळू लागल्यावर त्यांनी गावच्या सोयींसाठी ‘मुरूड फंड’ काढला. १८९१मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक झाले. पहिली बायको गेल्यावर ११ मार्च १८९३ रोजी त्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं. गोदूबाई विधवा होत्या, पुढे बाया कर्वे म्हणून ओळखल्या गेल्या. नवी बायको घेऊन ते मुरूडला गेले, आणि गावानं ठराव केला: यांच्यावर बहिष्कार. घरच्यांनी घरात घेतलं तर घरच्यांवरही. ज्या गावासाठी त्यांनी फंड काढला, त्याच गावात त्यांना आईच्या पंगतीला बसता येईना. हे वाचताना मला राग आला होता, आणि तो अजून गेलेला नाही. पण कर्व्यांनी गावावर राग धरला नाही. पुण्यात येऊन त्यांनी १८९६मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. १९००मध्ये तो हिंगण्याला, दान मिळालेल्या जागेवर, एका झोपडीत हलवला. कॉलेज संपलं की ते पुण्याहून हिंगण्याला चालत जात, पावसाळ्यात चिखल तुडवत. तेव्हा इकडे शेतं आणि माळ होता. ते हिंगणे म्हणजे आजचं कर्वेनगर, आमच्या कोथरूडला खेटून. झोपडी आजही संस्थेच्या आवारात जपलेली आहे. १९१६मध्ये महिला विद्यापीठ, १९५८मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी, भारतरत्न, आणि ९ नोव्हेंबर १९६२ला मृत्यू.

मुरूडमध्ये आता त्यांचं स्मारक आहे. दुर्गादेवीचं देऊळही बघण्यासारखं, आत थंडगार, लाकडी खांबांवरचं काम जवळून बघावं असं. संततिनियमनाचं काम करणारे रघुनाथराव कर्वे हे धोंडो केशवांचे चिरंजीव. त्यांचा जन्म इथला, १८८२चा. शेजारच्या मुर्डीत जन्मले रँग्लर परांजपे, १८९९मध्ये केंब्रिजला पहिले येणारे पहिले भारतीय. त्यांना सांभाळून शिकवलं ते धोंडो केशव कर्व्यांनी. त्याच मुर्डीचे श्री. ना. पेंडसे. पालगडचे साने गुरुजी दापोलीच्या शाळेत शिकले. दहा-पंधरा मैलांच्या एवढ्याशा टापूत ही माणसं का निपजली, याचं उत्तर समुद्राच्या हवेत शोधण्यात अर्थ नाही. शेतीचा तुकडा पोट भरायला पुरत नव्हता, म्हणून शाळा हा एकच रस्ता होता, आणि तो घाटावर जात होता. तो आजही तिकडेच जातो. गावातल्या बऱ्याच घरांतली मुलं पुण्या-मुंबईत आहेत, त्यातली कितीतरी आमच्या कोथरूडात.

मग मागे राहिलेल्यांनी काय करायचं? वाडी. सुपारी, नारळ, मिरी, जायफळ, केळी. एका वाडीत सगळं वर-खाली. माडाच्या सावलीत पोफळ, पोफळीच्या खोडावर मिरीचा वेल. उन्हाळ्यात एक दिवसाआड शिंपणं, पूर्वी रहाटानं, आता पंपानं. नारळाला पाडेकरी लागतो, पोफळीवर चढणारा वेगळाच. एका पोफळीच्या शेंड्यावरून दुसरीच्या शेंड्यावर झोका घेऊन जाणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत. तसा कुणी दिसला तर थांबून बघावं. खोड वाकतं, हात सुटतात, दुसऱ्या झाडाला पकड बसते, आणि पहिलं झाड सुटून कितीतरी वेळ डोलत राहतं.

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या आसपास किनाऱ्याला लागलं. वाऱ्याचा वेग ताशी शंभर ते एकशेदहा किलोमीटर, झोत त्याहून जास्त. दापोली आणि मंडणगड तालुके त्याच्या तडाख्यात आले. मुरूड, हर्णै, आंजर्ले, केळशी, वेळास. पोफळ बारीक खोडाची, ती मधेच मोडली. माड मुळासकट पडले. घरांवरचे पत्रे, कौलं उडाली. वीज कितीतरी दिवस नव्हती, आणि बाहेर कोविडची टाळेबंदी होती, म्हणजे मदतीला येऊ पाहणाऱ्यालाही रस्ता मोकळा नव्हता. एका दुपारी तीन पिढ्यांची वाडी आडवी झाली.

सरकारी भरपाईचा हिशेब आधी हेक्टरी होता. वाडी गुंठ्यांत मोजतात. वीस गुंठ्यांत शेकडो पोफळी, त्यांच्यात माड, त्यांच्याखाली मिरी, आणि कागदावर मात्र हेक्टरचा अपूर्णांक. किनाऱ्यावरच्या बागायतदारांनी झाडामागे भरपाईची मागणी लावून धरली ती यामुळे, आणि ती रास्त होती. ज्यांना वाडी माहीत नाही त्यांनी नियम केला की असं होतं.

पोफळ लावल्यापासून फळाला यायला सहा-सात वर्षं. उंच जातीच्या माडालाही तेवढी, कधी जास्त. म्हणजे वादळानंतर लगेच लावलेली झाडंसुद्धा आता कुठे हाताशी येऊ लागली असतील. दापोलीत कृषी विद्यापीठ आहे, १९७२पासूनचं. हापूस आणि नीलमच्या संकराचा रत्ना आंबा याच विद्यापीठाचा. तिथली रोपं घेऊन पुष्कळांनी पुन्हा वाडी उभी केली. पण मधली वर्षं ढकलायची कशावर? तर आपल्यावर. कोथरूडहून, ठाण्याहून, साताऱ्याहून शनिवारी येणाऱ्या पाहुण्यांवर. खोल्या आधीही होत्या, पण वादळानंतर त्या जोडधंदा राहिल्या नाहीत, कित्येक घरांचं मुख्य उत्पन्न झाल्या.

हे मनाशी असलं की विसाव्याकडे आपण वेगळ्या नजरेनं बघतो. ज्या सकाळी मी उशिरा उठून पडवीत चहा घेतो, त्या सकाळी त्या घरातली बाई पहाटे पाचपासून उभी असते. दहा-बारा माणसांचे घावन, मग दुपारचा स्वयंपाक, मधल्या वेळेत खोल्यांच्या चादरी, संध्याकाळी कुणी तरी म्हणणार की मुलाला मॅगी मिळेल का. मिळते. तिनं नाही म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. म्हणून निदान जेवणाची वेळ आणि किती माणसं आहेत हे आधी सांगावं, आणि सांगितलेल्या वेळेला पानावर बसावं. मुरूडचा पाहुणा म्हणून एवढं तर हातात आहे.

आता ‘पॉइंट’. दापोलीचे पॉइंट किती, याची यादी प्रत्येक ड्रायव्हरच्या खिशात असते. मुरूड, कर्दे, लाडघर, हर्णै, आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, केळशीची महालक्ष्मी, आसूदचा केशवराज, पन्हाळेकाजीची लेणी, दाभोळ, आणि जमलं तर धोपाव्याची फेरी पकडून गुहागर. दोन दिवसांत हे सगळं होतं. त्यातलं काहीच लक्षात राहत नाही. माझा सल्ला असा की यातलं एकच निवडावं, आणि ते आसूद असावं. दाबकेवाडीतून पायवाट उतरते, दोन्ही बाजूंना पोफळी, खाली ओढा, त्यावर लहानसा पूल, आणि पुढे चढ. वर केशवराजाचं छोटं दगडी देऊळ, आणि दारातल्या गोमुखातून बारा महिने वाहणारं पाणी. हे पाणी डोंगरातून दगडी पाटानं आणलेलं आहे. पाट बघत थोडं मागे चालत गेलं की कळतं, उताराचा किती बारीक अंदाज घेऊन तो बांधला आहे. पेंडश्यांच्या ‘गारंबीचा बापू’चा मुलूख हाच. कादंबरी १९५२ची. वाचली नसेल तर निघायच्या आधी वाचावी, वाचली असेल तर देवळाच्या पायरीवर बसून काही करू नये.

एका गोष्टीवर मात्र मी सौम्यपणे लिहू शकत नाही. पुळणीवर गाड्या. मुरूड-कर्द्याची ओली वाळू कठीण असते, म्हणून जीप, कार, कधी थेट बससुद्धा त्यावर उतरवली जाते. चाकांनी फवारे उडवत फेऱ्या मारायच्या, व्हिडिओ काढायचा. मग भरती येते, चाक रुततं, आणि ट्रॅक्टर बोलवायला गावातल्याच माणसाला हाक मारावी लागते. यात नुसता मूर्खपणा नाही. याच किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. मादी रात्री वर येऊन वाळूत खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, खड्डा बुजवते आणि परत जाते. त्यावरून चाक गेलं की संपलं.

वेळासला, मंडणगड तालुक्यात, २००२पासून सह्याद्री निसर्ग मित्र या चिपळूणच्या संस्थेनं ही घरटी राखायला सुरुवात केली. आधी अंडी चोरीला जायची, कोल्ही-कुत्री उकरायची. संस्थेनं गावातल्याच माणसांना बरोबर घेतलं. पहाटे पुळणीवर फिरून घरटं शोधायचं, अंडी उचलून कुंपण घातलेल्या जागेत तशाच खोलीच्या खड्ड्यात ठेवायची, तारीख लिहायची आणि वाट बघायची. पन्नास-पंचावन्न दिवस, कमी-जास्त. मग वरच्या टोपलीखाली वाळू हलते. २००६पासून तिथं कासव महोत्सव भरतो, पाहुणे गावातल्या घरांतच राहतात, जेवतात, आणि सकाळ-संध्याकाळ पिल्लं समुद्राकडे जाताना दोरीच्या मागे उभे राहून बघतात. पुढे आंजर्ल्यालाही हे काम सुरू झालं. फेब्रुवारी ते एप्रिल हा त्याचा काळ. पिल्लू तळहाताहून लहान, ओल्या वाळूवर पहिल्यांदा थबकतं, मग दोन्ही हातांनी वाळू ढकलत निघतं. लाट त्याला मागे फेकते. ते पुन्हा निघतं. कधी कधी ज्या दिवशी आपण जातो त्या दिवशी एकही पिल्लू बाहेर येत नाही, आणि लांबून आलेले पाहुणे कार्यकर्त्यांवर चिडतात. त्यांनी वेळासला जाऊच नये.

दिवाळीच्या सुटीत जाणार असाल तर भात कापणीला आलेलं किंवा खळ्यावर पडलेलं दिसेल. नरकचतुर्दशीला पहाटे तुळशीपाशी कारीट फोडतात, आणि फराळाला पाहुण्यासमोर नव्या भाताच्या पोह्यांचे दोन-तीन प्रकार येतात: दुधगुळाचे, दडपे, ताकातले. त्या दिवसांत खोल्या मिळणं कठीण आणि ताम्हिणीत गाड्यांची रांग. ज्यांना जमेल त्यांनी सुटी संपल्यावरचा मंगळवार-बुधवार धरावा. नोकरीत दोन दिवसांची रजा मागणं अवघड असतं हे मला ठाऊक आहे, पण आपण इतर कारणांसाठी ती मागतोच. मधल्या वारी गेलात तर घरात तुम्ही एकटेच पाहुणे असता. दुपारी भांडी आवरल्यावर काकूंना ओटीवर टेकायला फुरसत असते, काका वाडीत नेऊन कोणती पोफळ वादळाआधीची आणि कोणती नंतरची हे झाडागणिक दाखवतात, आणि संध्याकाळी पुळणीवर जायला निघालात की विचारतात, ‘‘आज तिथी कोणती, सांगा बघू?’’